दुसऱ्या खोलीतला आवाज

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर अम्मी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिचा पलंग सांगलीच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत गेला. मागची खोली शांत, न्हाणीघराला लागून, म्हणून सोयीची. मी साताऱ्यात नोकरीला. शनिवारी दुपारची शाळा सुटली की एसटी पकडायची आणि सांगली गाठायची, असे काही महिने गेले.

पुढच्या हॉलमध्ये माझ्या भावानं मोठा टीव्ही, पाच स्पीकर, एक ठोकळा आणि एव्ही रिसीव्हर अशी सगळी मांडामांड केली आहे. सगळे तिथं बसतात. अम्मी मागे एकटी. भाच्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "फुप्पी, दादीच्या खोलीत हेच सगळं नेता येतं. रिसीव्हरला दुसऱ्या खोलीची सोय असते. झोन टू म्हणतात." मी भाषा शिकवणारी बाई, मला त्यातलं काय कळणार? पण त्याच्याबरोबर मीही वायरी मोजत बसले आणि मोजता मोजता लक्षात आलं, की एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत न्यायचा हा उद्योग काही भाच्याच्या पिढीचा नाही. तो फार जुना आहे. आणि आपल्याकडे त्याचा इतिहास बऱ्याच अंशी दुसऱ्या खोलीत बसणाऱ्यांचा, म्हणजे बायकांचा, म्हाताऱ्यांचा आणि मागच्या रांगेतल्यांचा आहे. तो सलग कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात विजापूरपासून करते, कारण सांगली-मिरजेच्या शाळांच्या सहली तिकडेच जातात. मिरज एके काळी आदिलशाहीतच होती. मुहम्मद आदिलशाहाची कबर असलेला गोल घुमट १६५६च्या सुमाराला उभा राहिला. वर घुमटाच्या आतून फिरणारी जी गॅलरी आहे, तिथं भिंतीला तोंड लावून एखाद्या मुलीनं कुजबुजलं, की समोरच्या बाजूला, जवळजवळ ३८ मीटर लांब भिंतीला कान लावलेल्या मैत्रिणीला ते स्पष्ट ऐकू येतं. यात वायर नाही, वीज नाही. गोल भिंतीला चिकटून आवाज सरकत सरकत पुढे जातो, पसरून विरून जात नाही, एवढंच. टाळी वाजवली तर तिचा प्रतिध्वनी सहा-सात वेळा परत येतो. मुलांना टाळ्यांची मजा वाटते. मला मात्र कुजबुजीची जास्त वाटते, कारण तिला पुढची बाजू आणि मागची बाजू नाही. जिला ऐकू आलं ती तिथूनच उत्तर देऊ शकते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मशिदीतलं. जमात मोठी असली, की इमामाचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही. मग मधल्या रांगेत एकजण उभा राहून इमामाची तकबीर मोठ्यानं पुन्हा म्हणतो. त्याला मुकब्बिर म्हणतात. ही रीत थेट पैगंबरांच्या काळातली आहे. त्यांच्या आजारपणात त्यांचा आवाज क्षीण झाला होता, तेव्हा हजरत अबू बक्र त्यांची तकबीर लोकांना ऐकवत, असं हदीसमध्ये येतं. पुढे मोठ्या मशिदींमध्ये मुकब्बिरासाठी वेगळा चौथरा बांधू लागले. दिल्लीच्या जामा मशिदीत तो आजही दिसतो. आजच्या भाषेत बोलायचं तर मुकब्बिर म्हणजे माणसाचा ॲम्प्लिफायर. फरक इतकाच, की तो स्वतःही त्याच नमाजेत असतो. तो पुढचं ऐकतो आणि मागच्यांच्या बेतानं, त्यांना गाठता येईल अशा रीतीनं ते सांगतो.

याच नमाजेत आणखी एक सोय आहे, तिचा आपण क्वचित विचार करतो. इमाम चुकला, तर मागच्यांनी त्याला सावध करायचं असतं. पुरुषांनी 'सुबहानअल्लाह' म्हणायचं आणि स्त्रियांनी हातावर हात मारून आवाज करायचा. म्हणजे मागच्या रांगेतली बाई नुसती ऐकणारी नव्हती. तिचा आवाज पुढे जाण्याची वाटही ठरवून दिलेली होती. आवाज जाण्याची एक वाट आणि येण्याची एक.

वायरीचा जमाना आला आणि यातली दुसरी वाट बंद होत गेली. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमाँ आदेर नावाच्या इंजिनिअरनं तिथल्या ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ट्रान्समीटर बसवले आणि दोन किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या प्रदर्शनाच्या इमारतीत लोकांना गाणं ऐकवलं. ऐकणाऱ्याच्या दोन्ही कानांना दोन वेगळे रिसीव्हर. त्यामुळे गाणारा डावीकडून उजवीकडे गेला, की ते कानाला कळायचं. आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो त्याचा हा पहिलावहिला अनुभव. व्हिक्टर ह्यूगोनंही तो घेतला होता. १८९० साली त्याचा धंदा झाला. हॉटेलात नाणं टाकून गाणं ऐकायचं किंवा वर्गणी भरून घरी. १९३२ पर्यंत हा 'थिएटरफोन' चालू होता. ज्याला चालवत नाही, ज्याला बाहेर पडता येत नाही, त्याला घरबसल्या ऑपेरा. पण त्या खोलीतून टाळी वाजवली तर ती गाणाऱ्याला ऐकू जात नव्हती.

आता आपल्या मिरजेकडे येऊ. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथं सतार आणि तंबोरा करण्याची कला कमावली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. याच गावात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. १९३७च्या ऑक्टोबरात मद्रासकडच्या प्रवासात, सिंगपेरुमाळकोइल या लहानशा रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दरवर्षी उरुसाला तिथं देशभरातले गाणारे हजेरी लावतात. हिंदू कोण, मुसलमान कोण, हे त्या मैफलीत कुणी विचारत नाही.

खाँसाहेबांचं गाणं समोर बसून ऐकायला मिळालं ते दरबारातल्या, दर्ग्यातल्या आणि जलशांतल्या लोकांना. बाकीच्यांपर्यंत ते तबकडीवरून पोचलं. हिंदुस्थानातलं व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात, आणि पहिल्या गाणाऱ्यांत गौहरजान होत्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. स्टुडिओत बहुधा तो कर्णा आडभिंतीतून आलेला असे आणि मुद्रणाचं यंत्र भिंतीपलीकडे. म्हणजे ध्वनिमुद्रण ही गोष्टच दुसऱ्या खोलीत जन्मली! तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल संपवायचा. समोर दाद द्यायला कोणी नाही. पण हीच तबकडी पडद्यातल्या घरांतही शिरली. ज्या बायकांना जलशाला जाणं शक्य नव्हतं, त्यांनी उस्तादांचं गाणं ऐकलं ते फोनोच्या कर्ण्यातून. 'आमच्या बायका गाणं ऐकत नसत' असं अभिमानानं सांगणारे पुरुष मी पाहिले आहेत. बायका ऐकत होत्या. फक्त त्या दुसऱ्या खोलीत होत्या.

मग रेडिओ आला. मुंबईचं केंद्र जुलै १९२७मध्ये सुरू झालं. सांगलीला आकाशवाणी यायला १९६३ साल उजाडलं. मधल्या काळात आमच्या भागातली घरं मुंबई-पुणे आणि सिलोन लावायची. बाळकृष्ण केसकर हे नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती, त्यामुळे १९५२पासून बुधवारी रात्री अमीन सायानींची गीतमाला ऐकायला अख्खं घर सिलोनकडे वळायचं. रेडिओला तेव्हा परवाना लागायचा, तो पोस्टातून काढायचा. पुढे १९५७ साली विविधभारती आली आणि गाणी घरी परतली.

माझ्या दादाजाननी एक व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला होता. तो अर्थात पुढच्या खोलीत, भिंतीतल्या फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली. त्या काळच्या पुष्कळ रेडिओंच्या पाठीमागे दोन जादा भोकं असत. एक जोडी ग्रामोफोनसाठी आणि एक जोडी बाहेरच्या स्पीकरसाठी. त्या दुसऱ्या जोडीत वायर खोचून ती हवी तिथं न्यायची आणि टोकाला लाकडी खोक्यात बसवलेला स्पीकर लावायचा. रेडिओ एक, आवाज दोन ठिकाणी. आज भाचा ज्याला 'झोन टू' म्हणतो, ते हेच. दादाजाननी अशी वायर दाराच्या चौकटीवरून स्वयंपाकघरात नेली होती. दादी भाकरी थापत गाणी ऐकायची, बातम्या ऐकायची. ती शाळेत गेली नव्हती, पण चीनचं युद्ध कधी झालं, नेहरू कधी गेले, कोयनेचा भूकंप किती वाजता झाला, हे तिला तोंडपाठ होतं. भूकंपाचं रेडिओनं सांगायची गरज नव्हती म्हणा, डिसेंबर १९६७च्या त्या पहाटे सातारा-सांगलीतलं कुठलं घर झोपलेलं राहिलं होतं? बाकीचं शिक्षण मात्र तिला त्या खोक्यानं दिलं.

एक गोष्ट दादी नेहमी हसत सांगायची. खोकं स्वयंपाकघरात होतं, पण कळ पुढच्या खोलीत. आवाज कमी-जास्त करणं, केंद्र बदलणं, बंद करणं, सगळं तिकडे. दादाजान दुकानाला निघाले, की खट्‌कन बंद करून जायचे. गाणं मध्यावर असो की बातमी. त्यांच्या मनात काही वाईट नसायचं. पलीकडे कोणी ऐकतंय हे त्यांच्या लक्षातच राहायचं नाही.

मशिदीत लाऊडस्पीकर आला तेव्हाही प्रश्न पलीकडच्यांचाच होता. विजेवर चालणारा लाऊडस्पीकर सभांमध्ये रुळला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचं सॅन दिएगोतलं भाषण हजारो लोकांनी त्यावरून ऐकलं. १९३६ साली सिंगापूरच्या सुलतान मशिदीत तो बसला. आपल्याकडच्या उलेमांपुढे प्रश्न उभा राहिला, की या यंत्रातून येणाऱ्या आवाजामागे नमाज होते का? मुकब्बिर तरी नमाजेतला माणूस आहे. कर्णा नमाजेत नाही. मग त्यातून येतो तो इमामाचा अस्सल आवाज, की त्याची नक्कल, डोंगरावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीसारखी? देवबंदच्या परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांचं आधीचं मत नमाज होत नाही असं होतं. पुढे त्यांनी विज्ञानाच्या जाणकारांना विचारलं, पुन्हा विचार केला आणि मत बदललं. नव्या यंत्रांविषयीच्या 'आलात-ए-जदीदा' या त्यांच्या पुस्तकात ही सगळी चर्चा आहे. ही चर्चा ऐकून काही जण हसतात. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. यंत्रातून आलेला माणूस खरा किती, हा प्रश्न आज मोबाईल हातात घेऊन आपण सगळेच विचारत असतो. आणि एका आलिमानं जाणकारांना विचारून आपलं मत बदललं, ही तर वर्गात शिकवण्यासारखी गोष्ट आहे.

कर्ण्यांची वायर लांबवर कशी जाते, हे मला मंडपवाल्यानं समजावलं. साध्या स्पीकरला कमी दाबाचा आणि जास्त प्रवाहाचा करंट लागतो. तो लांब वायरीतून पाठवला, तर निम्मा वायरीतच खर्च होतो. म्हणून मोठ्या ॲम्प्लिफायरमधून तो १०० व्होल्टपर्यंत चढवून पाठवतात आणि प्रत्येक कर्ण्याशी लहान ट्रान्सफॉर्मर लावून पुन्हा उतरवतात. कोयनेची वीज उंच तारांवरून मुंबईला जाते तीही याच हिशेबानं. त्यामुळे एकाच वायरीवर दहा-वीस कर्णे टांगता येतात. मशीद, मंदिर, जत्रा, शाळेचा झेंडावंदनाचा कार्यक्रम, सगळीकडे हीच पद्धत.

या वायरीनं बायकांना बरंच दिलं. बयान, मिलाद, तरावीह, जे आधी भिंतीपलीकडे राहायचं ते वरच्या मजल्यावरच्या किंवा शेजारच्या बायकांच्या खोलीत आलं. लहानपणी अम्मीचा हात धरून मी अशा खोलीत जायचे. एकदा बयानाच्या मध्येच आमच्या खोलीतला स्पीकर बंद पडला. चाळीस-पन्नास बायका. निरोप कसा द्यायचा? शेवटी एका लहान मुलाला पाठवलं, तो पुढे पोचून कुणाला तरी सांगेपर्यंत दुआ झाली होती. पुढच्यांना कळलंही नव्हतं. हातावर हात मारून इमामाला सावध करायची जी सोय आमच्या आधीच्या बायकांना होती, ती आम्हाला नव्हती. वायर एकाच दिशेची होती.

२०२०च्या रमजानमध्ये हा प्रश्न सगळ्यांच्या घरी आला. मशिदी बंद. पुष्कळांनी विचारलं, की मोबाईलवर थेट प्रक्षेपण लावून त्या इमामामागे घरी तरावीह पढली तर चालेल का? बहुतेक उलेमांनी सांगितलं, चालणार नाही, घरातल्या घरात जमात करा. जमात म्हणजे रांग. रांगेला रांग लागलेली पाहिजे. आवाज पोचला, चित्रही पोचलं, तरी तेवढ्यानं माणूस जमातीत येत नाही. तेव्हा काहींना हे कडक वाटलं होतं. मला आज त्यातलं शहाणपण जास्त कळतं.

चित्राची गोष्ट आवाजानंतरची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण आमच्याकडे घरोघरी टीव्ही दिसायला ऐंशीचं दशक निम्मं सरावं लागलं. गल्लीत एखादाच टीव्ही. तो खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवायचा. 'महाभारत' लागलं, की आमचा मोहल्ला त्या खिडकीपुढे. त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले होते हे अब्बा प्रत्येक रविवारी नव्यानं सांगायचे.

मग केबल आली. आज आपण केबल म्हणजे मोठ्या कंपन्यांचा धंदा समजतो, पण तिची सुरुवात पाहा. १९८४च्या आसपास मुंबईच्या उंच इमारतींमध्ये कुणीतरी एका खोलीत व्हीसीआर ठेवला, त्याचं चित्र आणि आवाज एका वाहिनीवर चढवले आणि जाड वायरीतून इमारतीतल्या घरोघरी नेले. म्हणजे एका खोलीतला सिनेमा दुसऱ्या खोलीत! तीच युक्ती गावोगावी पोचली. गल्लीतला एखादा हुशार पोरगा, एक व्हीसीआर, खांबाखांबावरून गच्चीगच्चीवरून लोंबणारी काळी वायर, ठराविक अंतरावर सिग्नल पुन्हा वाढवणारी डबी आणि घरात शिरताना वायरीच्या दोन-तीन वाटा करणारा स्प्लिटर. वाटा केल्या की सिग्नलही वाटला जातो, मग चित्रावर मुंग्या. १९९१च्या आखाती युद्धानं छत्र्या आल्या, स्टार आलं, १९९२ला झी आलं. सरकारचा केबलचा कायदा झाला १९९५ साली. तोवर लोकांनी आपापल्या हिमतीनं देशभर वायरी टाकून झाल्या होत्या.

त्या सुरुवातीच्या केबलला एक गंमत होती. कोणता सिनेमा लावायचा हे केबलवाला ठरवायचा, पण तो गल्लीतलाच. अम्मी गॅलरीतून हाक मारायची, "अरे, वो मधुबालावाला लगाओ ना!" आणि रात्री तो लागायचा. गोल घुमटासारखं. हाक मारली की उत्तर. वायर एकाच दिशेची होती, पण माणूस हाकेच्या अंतरावर होता.

आता भाच्याच्या उद्योगाकडे. रिसीव्हरमध्ये सात स्पीकरांची ताकद होती आणि हॉलमध्ये पाचच लावलेले. उरलेल्या दोनांच्या वायरी अम्मीच्या खोलीत नेल्या, की आवाजाचं काम झालं असं आम्हाला वाटलं. झालं नाही. पुष्कळ रिसीव्हरांत दुसऱ्या खोलीला फक्त जुन्या पद्धतीच्या वायरीवरून आलेला आवाज जातो. एचडीएमआयवरून आलेला जात नाही. ठोकळ्यापासून लाल-पांढरी वायर वेगळी ओढली तेव्हा तो आला. चित्राचं आणखी अवघड. एचडीएमआयची साधी वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. म्हणून दोन टोकांना दोन डब्या आणि मध्ये इंटरनेटची असते तशी वायर टाकावी लागते. अशा चांगल्या डब्यांचा सिग्नल १०० मीटरपर्यंत जातो. वर नक्कल रोखण्यासाठी कुलूप असतं, दोन्ही टोकांच्या यंत्रांनी एकमेकांना ओळख पटवली तरच चित्र सुटतं. आणि दोन पडदे जोडले, की दोघांत ज्याची कुवत कमी त्याच्या बेताचं चित्र दोघांनाही मिळतं. अम्मीच्या खोलीतला टीव्ही जुना, त्यामुळे हॉलमधलं चित्रही उतरलं. भाऊ थोडा कुरकुरला. मी म्हटलं, "मुकब्बिरही मागच्यांच्या बेतानंच बोलतो."

शेवटची अडचण कानाची. दोन्ही दारं उघडी असली, की आवाज दोनदा यायचा, एक अंमळ मागून, कारण आकड्यांचा आवाज मोकळा करायला प्रत्येक यंत्र थोडा थोडा वेळ खातं. भाच्यानं सेटिंगमध्ये जाऊन तो वेळ जुळवला. या डब्यांना आणखी एक सोय होती. अम्मीच्या खोलीतल्या रिमोटचा इशारा त्याच वायरीतून उलटा हॉलमध्ये जाऊ शकत होता. मला वाटलं, चला, अखेर दादीची तक्रार मिटली. कळ दुसऱ्या खोलीत गेली.

पहिल्याच संध्याकाळी हॉलमध्ये क्रिकेट चालू होतं, आणि शेवटच्या षटकात अचानक कव्वाली लागली. अम्मीनं बटण दाबलं होतं. सगळे ओरडले, मग हसले. ते हसणं मागच्या खोलीत ऐकू गेलं. मी आत गेले तर अम्मी टीव्हीकडे बघतच नव्हती. दाराकडे बघत होती. म्हणाली, "कोन हंस रै? बोलावना उनकू." मी म्हटलं, "अम्मी, तुला इथं सगळं दिसतंय ना आता?" तर म्हणाली, "मेरेकू टीवी नक्को गे. तुम लोगां होना."

कळ मिळाली, तरी तिला हवं होतं ते त्या वायरीतून येण्याजोगं नव्हतं. इतके दिवस आम्ही तिच्याकडे आवाज आणि चित्र पाठवायच्या खटपटीत होतो. वायर नीट बसल्यावर तर आमचं मागच्या खोलीत जाणं आणखी कमी झालं असतं, कारण 'अम्मीला आता सोय आहे' असं मनात बसलं असतं. दादाजान खट्‌कन रेडिओ बंद करून जायचे, त्यातला आणि आमच्यातला फरक मग फारसा राहिला नसता.

सांगली जिल्ह्यातच, ज्या कडेगावचे उंच ताबूत आपण मोहरमला पाहायला जातो त्याच तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ साली त्या गावानं ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की दीड तास घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. त्यासाठी आशाताई-अंगणवाडीताई घरोघरी फिरल्या, गावानं ग्रामसभेत ठराव केला. मला यातली गोष्ट आवडते ती अशी, की शंभर वर्षं आपण ज्या कर्ण्यानं घरोघरी आवाज पोचवला, त्याच कर्ण्याचा उपयोग एका गावानं माणसांना एका खोलीत आणण्यासाठी केला.

माझं म्हणणं वायरी टाकू नका असं नाही. दादीला तिच्या खोक्यानं शहाणं केलं आणि मला बायकांच्या खोलीतल्या स्पीकरनं. मशिदीत, शाळेत, घरात जिथं कोणी भिंतीपलीकडे आहे, तिथं आवाज पोचलाच पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे. पण वायर टाकणाऱ्यानं दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. पलीकडच्याला उत्तर द्यायची वाट आहे का? आणि पलीकडच्याला आपण या खोलीत आणू शकत असताना, नुसता आवाज पाठवून मोकळे होतोय का? आपल्या पुष्कळ मशिदींत बायकांना जागा नाही, जिथं आहे तिथं बहुधा नुसता स्पीकर आहे. तिथल्या विश्वस्तांनीही हे दोन प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं.

अम्मीसाठी आम्ही चाकाची खुर्ची आणली. दुपारी तिला तिच्या खोलीतला टीव्ही असतो, वायर काढलेली नाही. मगरीबनंतर मात्र भाचा तिला ढकलत हॉलमध्ये आणतो. क्रिकेट असेल तर तिला कंटाळा येतो आणि ती मध्येच विचारते, "ये कब खतम होता?" कोणीतरी उत्तर देतं.